अठरापैकी तीन : जॅमच्या गणिताला घाबरलेल्या एका विद्यार्थिनीचं प्रकरण

ऑक्टोबर २०२३. रविवार. विभागाच्या मागच्या खोलीत पाच मुलं आणि तीन तासांची सराव चाचणी. साडेबाराला वेळ संपली, चौघांनी कागद दिले आणि चहाला गेली. पाचवी जागेवरच बसून राहिली. पेनाचं टोपण काढायचं, लावायचं, पुन्हा काढायचं. शेवटी म्हणाली, "सर, फॉर्म भरलाय, पण परीक्षेला गेलेच नाही तर चालेल ना?"

ही मुलगी वर्गात पहिली होती. विद्यापीठाच्या परीक्षेत गणितात तिचे गुण कधी घसरले नव्हते. म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहून ठेवतो आहे. माझ्या हातून त्यात जे चुकलं तेही लिहितो, कारण माझ्यासारखे शिकवणारे आणि तिच्यासारखी मुलं दर वर्षी याच वळणावर येऊन थांबतात.

मी साताऱ्यात बी.एस्सी.ला गणित शिकवतो. तिसऱ्या वर्षाची चार-पाच मुलं दर वर्षी जॅमला बसतात, त्यांच्यासाठी रविवारी वर्ग घेतो. मुलं एकमेकांना गावावरून हाक मारतात, मीही इथे तसंच लिहितो. ही दहिवडीची. एक फलटणचा, एक मेढ्याचा आणि दोघी साताऱ्यातल्याच.

जॅम म्हणजे आयआयटींमध्ये एम.एस्सी.ला प्रवेश मिळवण्यासाठीची परीक्षा. २००४ पासून होते. एकेका वर्षी एकेक संस्था ती घेते, बहुतेकदा एखादी आयआयटी. २०२४ ची मद्रासकडे होती. गणिताचा पेपर तीन तासांचा, प्रश्न ६०, गुण १००. तीन विभाग. पहिल्यात चार पर्यायांचे ३० प्रश्न, त्यातले दहा एकेक गुणाचे आणि वीस दोन-दोन गुणांचे. चुकलं की एक गुणाच्या प्रश्नाला एक तृतीयांश आणि दोन गुणांच्या प्रश्नाला दोन तृतीयांश गुण कापतात. दुसऱ्यात दहा प्रश्न, प्रत्येकी दोन गुण, बरोबर पर्याय एकही असेल किंवा चारही असतील. सगळे बरोबर पर्याय निवडले आणि एकही चुकीचा निवडला नाही, तरच गुण. अर्धवट उत्तराला काही नाही, पण चुकलं तरी कापत नाहीत. तिसऱ्यात २० प्रश्नांना पर्यायच नसतात, उत्तराची संख्या स्वतः भरायची. तिथेही कापाकापी नाही. प्रश्नपत्रिका फक्त इंग्रजीत. कॅल्क्युलेटर पडद्यावरचा, तोही माउसने दाबायचा.

अभ्यासक्रम पाहिला तर मुलांना धीर येतो. सीक्वेन्स आणि सिरीज, एका आणि अनेक चलांची फलनं, डिफरन्शिअल इक्वेशन्स, ग्रुप थिअरी, लिनिअर अल्जिब्रा, रिअल अॅनालिसिस. सगळं बी.एस्सी.ला शिकलेलंच. मग पहिली चाचणी होते आणि धीर सुटतो.

याचं कारण प्रश्नाच्या रूपात आहे. आमच्याकडच्या लेखी परीक्षेत 'व्याख्या द्या', 'प्रमेय सांगून सिद्ध करा', 'कोणतेही दोन सोडवा' असं येतं. मुलं सिद्धता लिहून लिहून पाठ करतात, आणि मेहनतीनं करतात. जॅममध्ये कुणी सिद्धता मागत नाही. समोर चार विधानं ठेवतात आणि विचारतात, यातलं खरं कोणतं? त्यातलं एक विधान पाठ केलेल्या प्रमेयासारखं दिसतं, पण त्यातली एक अट गुपचूप काढलेली असते. दुसऱ्यात प्रमेय उलटं फिरवलेलं असतं. पाठ करणाऱ्याला दोन्ही ओळखीची वाटतात, आणि ओळखीचं दिसलं की हात खूण करून मोकळा होतो.

तिचे गुण आणि माझी चूक

दहिवडीच्या मुलीला त्या दिवशी १८.६७ गुण पडले. पहिल्या विभागातले तीसही प्रश्न तिने सोडवले होते. बारा बरोबर, अठरा चूक. बरोबर उत्तरांचे १९ गुण झाले आणि चुकांनी १०.३३ नेले. बाकीच्या दोन विभागांत मिळून दहा. म्हणजे कमाई २९ ची होती आणि त्यातला तिसऱ्या हिश्शाहून जास्त भाग परत गेला होता.

मी काय केलं? "घाबरू नकोस, सरावाने येईल" असं म्हणालो आणि पुढच्या तीन रविवारी आणखी तीन चाचण्या घेतल्या. आज मागे वळून पाहताना हे मला फार लागतं. तिच्या भीतीला मी सरावाच्या कमतरतेचं नाव दिलं आणि तीच भीती तिला दर आठवड्याला तीन-तीन तास पाजली. गुण १७ वर आले, मग १५ वर. शनिवारी रात्री तिच्या पोटात दुखायला लागायचं. हे तिनं सांगितलं नाही, वसतिगृहातल्या तिच्या खोलीतल्या मैत्रिणीनं सांगितलं. जेवण कमी झालं होतं. रात्री वही उघडून बसायची आणि तेच पान तासभर उघडं राहायचं.

मी विचारलं, "नेमकं काय अवघड जातंय?"

"रिअल डोक्यावरनं जातंय, सर. मला गणित येतच नाही, मी नुसतं पाठ करून पहिली येत होते. आता ते सगळ्यांना कळणार."

या तीन वाक्यांतलं तिसरं सगळ्यात जड होतं. हुशार म्हणून नाव असलेल्या मुलांना जॅमची भीती इतरांपेक्षा जास्त वाटते, हे मी अनेकदा पाहिलंय. मधल्या मुलाचं काही गेलं तर फक्त एक संधी जाते. पहिल्या आलेल्या मुलाला वाटतं, आजवरचे सगळे गुणच खोटे ठरतील.

दिवाळीच्या सुट्टीत सगळी घरी गेली. त्याच दिवसांत तिच्या वडिलांचा फोन आला. त्यांची डाळिंबाची बाग आहे. "सर, जमंल का पोरीला? खर्चाचं काय नाय, पण उगा झुरतीय. बोलत नाय धड." मी म्हणालो, जमेल की नाही ते आत्ता सांगता येणार नाही, पण तिचं कुठं अडतंय ते मलाही अजून समजलेलं नाही. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "बागेत तेल्या आला तर आमी सगळी बाग गेली म्हणून बसत नाय, सर. कुठल्या झाडापास्नं सुरू झालं ते हुडकतो. तसं काय बघता यील का?"

मला जे वर्षानुवर्षं शिकवताना सुचलं नव्हतं ते त्या माणसानं फोनवर सांगितलं.

अठरा चुका समोर ठेवल्या

सुट्टीनंतर ती आली तेव्हा मी नवी चाचणी दिली नाही. ऑक्टोबरचाच कागद काढला आणि तिला म्हटलं, चुकलेले अठरा प्रश्न पुन्हा सोडव, पण मोठ्यानं बोलत. मनात येईल ते सगळं बोल, मी मधे बोलणार नाही. दोन संध्याकाळी गेल्या. मी शेजारी बसून फक्त लिहून घेत होतो.

अठरातल्या चार चुका निव्वळ हिशेबाच्या निघाल्या. चिन्ह चुकलं, इंटिग्रेशनची मर्यादा उलटी घातली, असं. तीन प्रश्न असे होते की त्यातलं तिला खरोखरच काही माहीत नव्हतं. उरलेल्या अकरा प्रश्नांत प्रमेय तिला माहीत होतं, शब्दन् शब्द माहीत होतं, फक्त ते त्या ठिकाणी लागू पडत नव्हतं.

एक प्रश्न एक्सच्या वर्गाचा होता. शून्य ते एक या खुल्या, म्हणजे टोकं वगळलेल्या, अंतरावर हे फलन युनिफॉर्मली कंटिन्युअस आहे का, म्हणजे एक्स किती जवळ ठेवायचा याचं एकच माप सगळ्या बिंदूंना पुरतं का? ती क्षणाचाही विचार न करता म्हणाली, "नाही. एक्स स्क्वेअर युनिफॉर्मली कंटिन्युअस नसतं, पुस्तकात उदाहरण आहे." पुस्तकातलं उदाहरण संपूर्ण वास्तव रेषेवरचं आहे. इथे डोमेन, म्हणजे एक्स जिथून घ्यायचा तो संच, शून्य ते एक एवढंच आहे. बंद अंतरापर्यंत फलन सातत्य राखून वाढवता येतं, म्हणून ते युनिफॉर्मली कंटिन्युअस आहे. डोमेन प्रश्नाच्या पहिल्याच ओळीत छापलेलं होतं. तिनं ते वाचलं नव्हतं असं नाही, पण वाचून मनावर घेतलं नव्हतं.

दुसरा प्रश्न असा की सीक्वेन्सच्या लागोपाठच्या दोन पदांतला फरक शून्याकडे जातो, तर सीक्वेन्स कन्व्हर्जंट असते का, म्हणजे एका ठरावीक संख्येकडे जाते का? ती म्हणाली, "हो, कॉशी." कॉशीच्या अटीत कुठलीही दोन पदं घ्यावी लागतात, फक्त शेजारची नाही. एनचं वर्गमूळ घ्या. शेजारच्या पदांतला फरक शून्याकडे जातो आणि सीक्वेन्स मात्र अनंताकडे. तिसरा प्रश्न ग्रुपचा होता. ग्रुपची ऑर्डर, म्हणजे त्यातल्या घटकांची संख्या, १२ आहे, ६ ही संख्या १२ ला भागते, म्हणून ऑर्डर ६ चा सबग्रुप असेलच? "लाग्रांज," ती म्हणाली. सबग्रुपची ऑर्डर ग्रुपच्या ऑर्डरला भागते, हे लाग्रांजचं प्रमेय उलट्या दिशेनं लागत नाही. चार चिन्हांवरच्या सम परम्युटेशन्सचा ए-फोर हा ग्रुप १२ ऑर्डरचा आहे आणि त्यात ६ ऑर्डरचा सबग्रुप नाही.

मी यादी करून तिच्यासमोर ठेवली. चार, तीन, अकरा. तिनं बराच वेळ पाहिली. "म्हणजे येत नाही ते तीनच?"

तीनच. 'मला गणित येत नाही' हे तिचं निदान अठरापैकी तीन प्रश्नांपुरतं खरं होतं.

ती हसली वगैरे नाही. पण त्या संध्याकाळी पहिल्यांदा तिनं स्वतःहून विचारलं, "मग या अकरांचं काय करायचं?"

डेल्टा कधी द्यायचा

अकरांपैकी पाच चुकांच्या मुळाशी एकच गोष्ट होती. 'प्रत्येकासाठी' आणि 'असा एक तरी' हे शब्द कुठल्या क्रमानं येतात त्याकडे तिचं लक्षच नव्हतं. सातत्याची, म्हणजे कंटिन्युइटीची, व्याख्या तिला इंग्रजीत पाठ होती, मंत्रासारखी. मी म्हटलं, मराठीत सांग. ती अडखळली. इंग्रजीत धडाधड बोलणारी मुलगी मराठीत अडखळते म्हणजे अर्थ पोचलेला नाही, हे ओळखायची मला सवय आहे.

मग आम्ही खेळ मांडला. एक मी, एक ती. मी एप्सिलॉन देणार, म्हणजे किती बारीक फरक चालेल ते सांगणार. तिनं त्यावर डेल्टा द्यायचा, म्हणजे एक्स किती जवळ ठेवला की तो फरक सांभाळला जाईल ते सांगायचं. आता प्रश्न एवढाच की बिंदू कुठला, हे मी कधी सांगायचं? मी बिंदू आधीच सांगितला आणि मग तिनं डेल्टा दिला, तर ते साधं सातत्य. तिला आधी डेल्टा द्यायला लावला आणि मग मी मला हवा तो बिंदू निवडला, तरीही ती जिंकली, तर ते युनिफॉर्म सातत्य. शब्द तेच, पाळी बदलली.

संपूर्ण रेषेवरच्या एक्स वर्गासाठी खेळलो. मी एप्सिलॉन १ दिला. तिनं डेल्टा ०.१ दिला. मी दूर जाऊन १०० हा बिंदू घेतला आणि शेजारचा १००.०५. वर्गांतला फरक दहाच्या वर. तिनं डेल्टा आणखी लहान केला, मी आणखी दूर गेलो. तिसऱ्या वेळी ती थांबली आणि म्हणाली, "सर, मी काहीही दिलं तरी तुम्ही पुढे पळणार." मग फळ्याशी गेली आणि स्वतः लिहिलं: एक बिंदू एन, दुसरा एन अधिक एक भागिले एन. दोघांतलं अंतर एक भागिले एन, म्हणजे शून्याकडे जाणारं. वर्गांतला फरक दोन अधिक एक भागिले एनचा वर्ग. "हा दोनच्या खाली येतच नाही!" पुस्तकात हीच मांडणी आहे, ती तिनं आधी पाठही केली होती. पण फळ्यावर त्या दिवशी जे आलं ते तिचं होतं.

लगेच मी वर्गमूळ दिलं, शून्यापासून पुढे सगळीकडे. शून्याजवळ त्याचा उतार अनंताकडे जातो, म्हणून हेही फसणार असं तिला वाटलं. खेळून पाहिलं तर प्रत्येक वेळी तीच जिंकली. एप्सिलॉनचा वर्ग हाच डेल्टा दिला की मी कुठलाही बिंदू घेतला तरी काम होतं, कारण दोन वर्गमुळांतला फरक हा मूळ संख्यांतल्या फरकाच्या वर्गमुळापेक्षा मोठा होऊ शकत नाही. म्हणजे डेरिव्हेटिव्ह, म्हणजे उतार, बाउंडेड (मर्यादेत राहणारा) असेल तर फलन युनिफॉर्मली कंटिन्युअस असतं हे खरं, पण उलट बाजूनं नाही. हाही तिच्या अकरांतला एक प्रश्न होता. तो तिनं मला न विचारता यादीवरून खोडला.

दोन पानी वही तिथूनच सुरू झाली. डाव्या पानावर प्रमेय, त्यातली प्रत्येक अट अधोरेखित. उजव्या पानावर प्रत्येक अटीसमोर एक उदाहरण, की ती अट काढली तर प्रमेय कुठे मोडतं. एकात एक बसणाऱ्या बंद (टोकं धरून घेतलेल्या) आणि बाउंडेड अंतरांचा छेद, म्हणजे सामाईक भाग, रिकामा नसतो. 'बंद' काढलं तर शून्य ते एक भागिले एन ही खुली अंतरं, छेद रिकामा. 'बाउंडेड' काढलं तर एनपासून अनंतापर्यंतची बंद अंतरं, पुन्हा रिकामा. सायक्लिक, म्हणजे एकाच घटकापासून तयार होणाऱ्या, ग्रुपचे सगळे सबग्रुप सायक्लिक असतात; उलट बाजूला क्लाइनचा चार घटकांचा ग्रुप, ज्याचे स्वतःखेरीज सगळे सबग्रुप सायक्लिक आहेत पण तो स्वतः नाही. रोज दोन पानं, जास्त नाही. ज्या प्रमेयाच्या उजव्या बाजूला उदाहरण सापडेना ते तसंच कोरं सोडायचं. ती कोरी जागाच तिला रात्री सतावायची, आणि या वेळचं सतावणं वेगळं होतं. पोटात दुखणं डिसेंबरात थांबलं. श्रेय एकट्या वहीचं आहे असं मी म्हणणार नाही, मी चाचण्याही थांबवल्या होत्या.

अंदाजाचा हिशेब

एक गोष्ट मी आधीच शिकवायला हवी होती. तीस प्रश्न आले की तीसही सोडवायचे, ही तिची सवय विद्यापीठाच्या पेपरातून आली होती. तिथे लिहिलेलं वाया जात नाही. मी पाचही जणांना हिशेब करायला लावला. दोन गुणांचा प्रश्न, चारही पर्याय सारखेच अनोळखी. बरोबर येण्याची शक्यता पाव, म्हणजे सरासरी अर्धा गुण. चुकण्याची पाऊण, दर चुकीला दोन तृतीयांश, म्हणजे पुन्हा अर्धा गुण. हातात शून्य. डोळे मिटून मारलेला अंदाज लांब पल्ल्यात काही देत नाही आणि नेतही नाही.

एक पर्याय खात्रीनं बाद करता आला तर सरासरी दोन नवमांश गुण हातात राहतात. दोन बाद करता आले तर दोन तृतीयांश. मग आमचा नियम ठरला की निदान एक पर्याय का चूक आहे ते तोंडानं सांगता आलं तरच हात लावायचा. 'वाटतंय' चालणार नाही. पण तिच्या ऑक्टोबरच्या चुकांत तर तिला खात्रीच होती, मग हा नियम तिथे कसा उपयोगी? उपयोगी पडला, कारण चूक का हे सांगताना उदाहरण द्यावं लागतं, आणि उदाहरण शोधायला गेलं की डोमेन वाचावंच लागतं.

दुसऱ्या विभागाचा हिशेब वेगळा. चार पर्यायांतून किमान एक निवडण्याचे पंधरा प्रकार होतात, म्हणून नुसत्या अंदाजाने बरोबर येण्याची शक्यता पंधरात एक. कापत नाहीत म्हणून सोडून यायचं नाही, पण त्यावर वेळही घालवायचा नाही. तिसऱ्या विभागापासून सुरुवात करायची असं तिनं ठरवलं. तिथे पर्यायच नाहीत, त्यामुळे ओळखीचं दिसणारं काही समोर येऊन भुलवत नाही. विभागांचा क्रम हवा तसा बदलता येतो, हे अनेक मुलांना माहीतच नसतं.

जानेवारीच्या शेवटी एकच चाचणी घेतली, संगणकावर, माउस आणि पडद्यावरच्या कॅल्क्युलेटरसकट. तिनं पहिल्या विभागात २२ प्रश्नांना हात लावला आणि आठ सोडून दिले. १६ बरोबर, सहा चूक. एकूण ४३.६७. माझ्या दृष्टीने त्या कागदावर सगळ्यात महत्त्वाचे होते ते सोडलेले आठ. ऑक्टोबरात एक प्रश्न सोडणं म्हणजे तिला आपण ढ असल्याची कबुली वाटत होती.

विभागात रँग्लर परांजप्यांचं चित्र आहे. दापोलीजवळच्या मुर्डीचा मुलगा १८९९ साली केंब्रिजच्या ट्रायपॉस या गणिताच्या परीक्षेत पहिला आला, सीनिअर रँग्लर होणारा पहिला भारतीय. मुलांना ते चित्र दाखवून स्फूर्ती घ्या म्हणायची आमच्याकडे पद्धत आहे. मी त्या महिन्यात त्यांना दुसरीही बाजू सांगितली. त्या परीक्षेसाठीही मुलं खास शिकवण्या लावून वेगाचा सराव करत. आदल्याच वर्षी, १८९८ मध्ये, चौथा आलेला हार्डी हा पुढे फार मोठा गणिती झाला आणि त्या पद्धतीचा कडवा टीकाकारही. क्रमवारी जाहीर करण्याची पद्धत १९०९ नंतर बंद झाली. परांजप्यांचं यश यानं तसूभरही कमी होत नाही. पण परीक्षा आणि गणित यांतलं अंतर केंब्रिजमध्येही होतं, हे ऐकून फलटणचा एकदम म्हणाला, "मग आपलंच काही चुकतंय असं नाही."

११ फेब्रुवारी

शनिवारी दुपारच्या एसटीनं ती पुण्याला गेली, धनकवडीत आत्याकडे उतरली. परीक्षा सकाळच्या सत्रात. दुपारी तिचा फोन आला तेव्हा मागे स्वारगेटचा गलका होता.

पहिली दहा मिनिटं तिला काहीच वाचता आलं नव्हतं. अक्षरं दिसत होती, वाक्य होत नव्हतं. कच्च्या कामाच्या कागदावर तिनं वरच्या कोपऱ्यात 'डोमेन?' असं लिहिलं आणि तिसऱ्या विभागातला पहिला प्रश्न बोटानं, शब्दाशब्दाखाली बोट ठेवून वाचला, लहान मुलं वाचतात तसा. तो सुटला. दुसरा सुटला नाही. तिसरा सुटला. "नंतर भीती गेली असं नाही, सर. पण ती एका बाजूला बसून होती."

मार्चमध्ये निकाल लागला. जानेवारीच्या चाचणीपेक्षा दोन गुण कमी. तिसऱ्या फेरीत एका आयआयटीत एम.एस्सी.ला जागा मिळाली. फलटणचा पात्र ठरला पण जागा मिळाली नाही; विद्यापीठाच्या विभागात गेला आणि चांगलं करतोय. साताऱ्यातल्या दोघींपैकी एकीनं पुन्हा प्रयत्न करायचं ठरवलं, दुसरीनं बी.एड.ला प्रवेश घेतला.

मेढ्याचा

मेढ्याचा मुलगा दिवाळीनंतर आलाच नाही. चौथ्या चाचणीनंतर त्यानं निरोप पाठवला होता, "सर, माझ्याच्यानं होणार नाही." मी एकदा फोन केला, त्यानं उचलला नाही, आणि मी दहिवडीच्या मुलीच्या अठरा चुकांत गुंतलो. तो कधी रडला नाही, जेवण सोडलं नाही, त्याच्या वडिलांचा फोन आला नाही. त्याची भीती गप्प बसणारी होती, म्हणून मला ती दिसली नाही. आता तो गावातल्या पतसंस्थेत काम करतो आणि स्पर्धा परीक्षांची तयारी करतो.

त्याचे कागद कपाटात होते. हे प्रकरण लिहायला घेतलं तेव्हा काढले. त्याच्याही पहिल्या विभागातल्या चुका मोजल्या, एकवीस. तो शेजारी बसून मोठ्यानं बोलत नसल्यामुळे कारणं मला कागदावरच्या कच्च्या कामावरून शोधावी लागली. माझ्या वाचनात एकवीसपैकी चौदा चुका त्याच जातीच्या निघाल्या. प्रमेय माहीत, अट निसटलेली.

मी त्याला फोन केला. या वेळी उचलला. सगळं सांगितलं, आकडेही सांगितले. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "सर, त्यातला एखादा वाचून दाखवा ना."

मी एक्सच्या वर्गाचाच प्रश्न काढला आणि मुद्दाम सावकाश सुरुवात केली, "खालीलपैकी कोणतं फलन युनिफॉर्मली कंटिन्युअस आहे? पर्याय पहिला, एक्सचा वर्ग…"

"थांबा सर," तो म्हणाला. "कुठल्या डोमेनवर?"